सिग्नलला गाडी तापते, हायवेला थंड होते? फॅन क्लच स्वतः तपासण्याची रीत

सायनच्या सिग्नलला टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर सरकतो, एसीतून कोमट वारा यायला लागतो. पुढे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे मोकळा मिळाला की विक्रोळी येईपर्यंत काटा जागेवर आणि एसी पुन्हा गार. तुमच्या गाडीचं असं होत असेल तर रेडिएटर बदलायला होकार देण्याआधी एक रविवार सकाळ मोकळी ठेवा.

गाडी वेगात असली की समोरचा वारा आपोआप रेडिएटरमधून जातो, पंख्याची फारशी गरज उरत नाही. उभ्या किंवा रांगणाऱ्या गाडीत मात्र ते सगळं काम एकट्या पंख्याचं. म्हणून फक्त जॅममध्ये तापणाऱ्या गाडीत पहिला संशय पंख्यावर घ्यायचा. मोकळ्या हायवेला वेगात धावताना गाडी तापत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रेडिएटर, थर्मोस्टॅट (कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, वाट उघड-बंद करणारी झडप), वॉटर पंप यांची चौकशी आधी.

गॅरेजमध्ये 'नेमकी कुठे तापते?' हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. माझ्या जुन्या डिझेल इनोव्हाला एका गॅरेजने आधी थर्मोस्टॅट बदलून दिला, मग रेडिएटर. बिलं भरली, आणि गणपतीला गावी जाताना पळस्प्याच्या पुढच्या रांगेत काटा पुन्हा वर. दोष निघाला फॅन क्लचचा, म्हणजे पंख्याला इंजिनाशी गरजेप्रमाणे जोडणाऱ्या-सोडणाऱ्या भागाचा, जो तपासायला ना पाना लागतो ना पैसे. खाली ती तपासणी क्रमाने देतो. गाडीच्या कामाची सवय नसलेल्यालाही जमेल, फक्त क्रम मोडू नका.

१. आधी बघा, तुमच्या गाडीत फॅन क्लच आहे का

स्विफ्ट, वॅगन आर, आय टेन, टियागो अशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत इंजिन आडवं (गाडीच्या रुंदीच्या दिशेने) बसतं आणि पंखा विजेचा असतो. त्यांत फॅन क्लच नसतोच. तुमची गाडी अशी असेल आणि सिग्नलला तापत असेल तर इंजिन चालू ठेवून एसी लावा. बोनेटखाली पंखा फिरला नाही तर फ्यूज, रिले आणि पंख्याची मोटर तपासून घ्या. पुढचे बाकीचे मुद्दे तुमच्यासाठी नाहीत.

फॅन क्लच सापडतो तो इंजिन उभं (गाडीच्या लांबीच्या दिशेने) बसवलेल्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत. इनोव्हा, क्वालिस, बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, जुनी सफारी, टवेरा यांच्या डिझेल मॉडेलांत तो सर्रास दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे. पंखा रेडिएटरला न लटकता इंजिनाच्या तोंडावर, बेल्टच्या पुलीपुढे असतो, आणि पात्यांच्या मधोमध थाळीएवढा, कंगोरे असलेला ॲल्युमिनियमचा गोल डबा असतो. तोच क्लच. मुंबईतले मेकॅनिक त्याला 'फॅन कपलिंग' किंवा 'विस्कस' म्हणतात. दुकानातही हेच शब्द चालतात.

त्या डब्याच्या रेडिएटरकडच्या तोंडावर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली कॉइल किंवा एक छोटी सपाट पट्टी दिसेल. ती असेल तर पुढची तपासणी तुम्हाला लागू आहे. क्लचला वायर गेलेली दिसली तर तो इलेक्ट्रॉनिक प्रकार, त्याला ऑइल भरायचा हुकूम इंजिनाचा कॉम्प्युटर देतो. तिथे स्कॅनर असलेलं गॅरेज गाठा.

२. आत काय चालतं ते दोन मिनिटांत समजून घ्या

हे वाचायचा कंटाळा करू नका, कारण पुढचे सगळे निष्कर्ष यावर उभे आहेत.

पंखा पुलीला कायमचा जखडला तर हायवेला गरज नसतानाही तो इंजिनाची ताकद खातो आणि वर आवाज करतो. म्हणून दोघांच्या मध्ये हा क्लच. यात प्लेटी एकमेकींवर घासत नाहीत. पुलीबरोबर एक चकती फिरते, पंखा बाहेरच्या डब्याला जोडलेला असतो, आणि दोघांवर एकमेकांत बसणाऱ्या पण एकमेकांना न टेकणाऱ्या गोल खाचा असतात. त्या फटीत दाट सिलिकॉन ऑइल भरलं की फिरणारी चकती डब्याला, म्हणजे पंख्याला, बरोबर ओढून नेते. ऑइल शेजारच्या कप्प्यात परत गेलं की चकती आपली फिरत राहते आणि पंखा रेंगाळतो.

ऑइल कधी सोडायचं हे समोरची कॉइल ठरवते. रेडिएटरमधून येणारा वारा पुरेसा तापला की कॉइल पिळते आणि आतली झडप उघडते. वारा निवला की झडप बंद होते आणि ऑइल फिरता फिरता कप्प्यात परत जातं. चांगला क्लच पूर्ण जोडला गेला की पंखा पुलीच्या साधारण ८० ते ९० टक्के वेगाने फिरतो. सुटलेला असताना तो वेग २०-३० टक्क्यांवर येतो. पूर्ण थांबत मात्र नाही. त्यामुळे 'पंखा फिरतोय ना, मग झालं' या वाक्याला काही अर्थ नाही. क्लच मेलेला असला तरी पंखा फिरताना दिसतोच.

आणखी दोन बारकावे. एक, कॉइलला कळते ती वाऱ्याची उष्णता, कूलंटची नाही. रेडिएटरच्या जाळीत धूळ, किडे, चिखल बसून वाराच येईना, तर इंजिन उकळलं तरी कॉइलला पत्ता लागत नाही. दोन, रात्रभर गाडी उभी राहिली की कप्प्यातलं थोडं ऑइल ओघळून फटीत येतं. म्हणून सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर पंखा मिनिट-दोन मिनिटं घुमतो आणि मग शांत होतो. हा दोष नाही, उलट चांगलं लक्षण आहे.

क्लच दोन तऱ्हांनी बिघडतो. ऑइल गळून गेलं किंवा कॉइल निकामी झाली की पंखा ओढ घेत नाही आणि गाडी जॅममध्ये तापते. किंवा तो आतून जाम होतो. मग पंखा सदासर्वकाळ जोडलेलाच राहतो, दर गिअरला बोनेटखालून घुमणं ऐकू येतं, पिकअप जड होतो आणि डिझेल जास्त जळतं. दुसऱ्या तऱ्हेकडे लोक वर्षानुवर्षं लक्ष देत नाहीत, कारण गाडी तापत नाही.

३. काय काय जवळ हवं

- चांगला टॉर्च. मोबाइलचा चालतो, पण तो बोनेटखाली पडतो आणि मग शोधत बसावं लागतं.
- जाड हातमोजे आणि जुनं फडकं
- रेडिएटरच्या रुंदीचा पुठ्ठा. फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्याचा मिळाला तर उत्तम
- मागच्या चाकाला लावायला दोन विटा
- गाडीचं मॅन्युअल, त्यात कूलंट कोणता आणि किती ते दिलेलं असतं
- वरून घालायला तोच कूलंट
- ओबीडी पोर्ट (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायची खाच) असलेली गाडी असेल तर ब्लूटूथचा छोटा ओबीडी रीडर आणि मोबाइलवर ॲप
- आत बसून ॲक्सिलरेटर दाबणारा एक भरवशाचा माणूस

ओबीडी रीडर घ्याच असं मी सांगेन. डॅशबोर्डचा काटा मुद्दाम सुस्त बनवलेला असतो. कूलंटचं तापमान बरंच वरखाली झालं तरी बऱ्याच गाड्यांत तो मधोमध बसून राहतो. रीडर खरा आकडा दाखवतो.

४. जागा, वेळ आणि अंगावरचे कपडे

बेसमेंट किंवा पोडियमच्या बंद पार्किंगमध्ये ही तपासणी अजिबात करू नका. इंजिन बराच वेळ चालू ठेवावं लागतं आणि धूर तिथेच कोंडतो. सोसायटीचं उघडं अंगण, नाहीतर रविवारी सकाळी रिकामा असलेला आतला रस्ता बघा. वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर इंजिन दोन हजार आरपीएमवर (मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर) गेलं की पहिल्या मजल्यावरच्या काकू खाली येतात.

गाडी रात्रभर उभी असलेली हवी. सपाट जागा, हँडब्रेक, गिअर न्यूट्रल, ऑटोमॅटिकला 'पार्क', मागच्या चाकांना विटा.

ओढणी, मफलर, सैल बाह्या, गळ्यातली चेन किंवा मंगळसूत्र, ऑफिसच्या आयकार्डाची दोरी, मोकळे केस हे सगळं आधी बाजूला. बेल्टचा पंखा कोणाला सोडत नाही. काही गाड्यांत एसीच्या कंडेन्सरपुढे (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) विजेचा वेगळा पंखा असतो, आणि काहींमध्ये तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. म्हणून हात घालायच्या आधी दर वेळी चावी काढून खिशात ठेवायची. बटण-स्टार्ट असेल तर चावी घेऊन मदतनिसाला चार पावलं लांब उभं करा.

५. गार इंजिनावर: डोळे आणि हात

आधी फक्त बघा. क्लचच्या मधल्या भागापासून बाहेर गेलेल्या काळपट, चिकट, धूळ धरलेल्या रेघा दिसतात का? बेअरिंगच्या सीलमधून ऑइल गळलं की ते फिरण्याच्या जोराने बाहेर फेकलं जातं आणि अशा रेघा उमटतात. किंचित ओलसरपणा जुन्या क्लचवर दिसतो, त्याने घाबरू नका. जाड थर असेल तर निकाल इथेच लागला म्हणा. मुंबईत एक घोळ होतो: पॉवर स्टिअरिंगचं किंवा इंजिनाचं ऑइलही तिथे उडतं. रेघ नेमकी क्लचच्या मध्यातूनच निघते का, की वरून कुठून आली आहे, ते टॉर्चने शोधा.

मग कॉइल. ती तुटलेली, एका टोकाने सुटलेली किंवा चिखलाने पार लिंपलेली नसावी. समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या गाड्यांत तिच्यावर गंज चढलेला दिसतो. बोटाने वाकवून, ओढून बघायचा मोह टाळा. तिची जागा जराशी सरकली तरी क्लच चुकीच्या तापमानाला जोडला जातो.

पात्यांना मुळाशी चीर आहे का तेही बघा. प्लॅस्टिकचं पातं वेगात तुटलं तर रेडिएटर फाडतं आणि बोनेटलाही पोचा पाडतं. चीर दिसली तर पुढची तपासणी करूच नका, इंजिनही सुरू करू नका.

आता हातमोजे घालून समोरासमोरची दोन पाती धरा आणि पंखा पुढे-मागे हलवा. पात्याच्या टोकाशी थोडी हालचाल चालते. ५-६ मिलिमीटरच्या पुढे गेली किंवा आत खडखड जाणवली तर बेअरिंग गेलं. पण बेअरिंग क्लचचं की वॉटर पंपाचं? पुली पंख्याबरोबर डुगडुगत असेल तर पंपाचं, पुली स्थिर राहून फक्त पंखा डुगडुगत असेल तर क्लचचं. हा फरक इथेच नीट बघून ठेवा, पुढे बिलात कामाला येतो.

६. पंखा तीन वेळा फिरवून बघा

बहुतेक जण पंखा एकदाच फिरवतात आणि 'जड लागतोय, चांगला आहे' किंवा 'हलका आहे, गेला' असं सांगून मोकळे होतात. एकदा फिरवून काही कळत नाही. तीन वेगवेगळ्या वेळी फिरवा आणि त्यातला फरक लक्षात घ्या.

पहिली वेळ, सकाळी स्टार्ट करायच्या आधी. पात्याला बोटांनी टिचकीवजा झटका द्या. रात्री ओघळलेल्या ऑइलमुळे थोडा जोर लागेल, काकवीत पळी फिरवताना लागतो तसा गुळगुळीत. पंखा फेरा-दीड फेरा घेऊन थांबेल. जोर लावूनही हलेना, तर तो जाम आहे.

दुसरी वेळ, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून, सुरुवातीचं घुमणं थांबल्यावर. इंजिन बंद, चावी खिशात, पंखा पूर्ण थांबल्याची खात्री, मग झटका. आता तो तिन्ही वेळांतला सगळ्यात हलका लागायला हवा, कारण ऑइल कप्प्यात परत गेलेलं आहे.

तिसरी वेळ, इंजिन पूर्ण तापून पंखा जोडला गेल्यावर. ती आठव्या पायरीत येईल.

पहिल्या वेळेलाच पंखा झटक्यासरशी भिरभिरत पाचेक फेरे घेत असेल तर आत ऑइल उरलेलं नाही. पण पहिली वेळ जड लागली म्हणून निर्धास्त होऊ नका. बिघडलेला क्लचही रात्री ओघळलेल्या ऑइलामुळे सकाळी ठणठणीत वाटतो.

७. स्टार्टचा आवाज

दुसऱ्या वेळेसाठी स्टार्ट कराल तेव्हाच हे ऐकून घ्या. एसी बंद, काचा उघड्या, मदतनिसाला इंजिन १५०० च्या आसपास धरायला सांगा. सुरुवातीला वाऱ्याचा घुमणारा आवाज आणि मग मिनिट-दोन मिनिटांत तो ओसरणं, हे बरोबर. आवाज आलाच नाही तर ऑइल कमी असल्याचा संशय. आवाज ओसरलाच नाही तर क्लच जाम.

८. मुख्य परीक्षा: पुठ्ठा लावून तापवणं

पुठ्ठा बाहेरून, ग्रिलच्या पुढे लावा आणि दोरीने नीट बांधा. पंख्याच्या बाजूने काहीही घालायचं नाही. एसी बंदच ठेवा, कारण एसी लावला की विजेचा पंखा सुरू होतो आणि दोन आवाजांत कोणता कोणाचा ते कळत नाही.

बोनेट खाली टेकवून ठेवा. तुम्ही गाडीच्या बाजूला दाराजवळ उभे राहा, पाती फिरतात त्या रेषेत नको. मदतनीस इंजिन १५०० ते २००० वर धरेल आणि दर मिनिटाला तापमान मोठ्याने सांगेल.

डिझेल गाडी नुसती उभी राहून तापायला वेळ घेते, तेव्हा धीर धरा. ८२ ते ८८ अंशांच्या सुमारास थर्मोस्टॅट उघडतो, रेडिएटरची वरची होज (रबरी नळी) गरम होते. त्यानंतर आकडा हळूहळू चढेल. ९५ ते १०५ च्या दरम्यान कुठेतरी क्लच जोडला जायला हवा. नेमका आकडा गाडीप्रमाणे बदलतो. जोडला गेल्यावर सांगावं लागत नाही. वाऱ्याचा आवाज एकदम भरून येतो, ग्रिलपुढचा पुठ्ठा आत ओढला जातो आणि इंजिन जरा दबल्यासारखं वाटतं.

आता पुठ्ठा काढा. काही मिनिटांत आकडा उतरू लागेल, मग आवाजही विरेल. जोडणं आणि सुटणं दोन्ही दिसलं तर क्लच चांगला आहे.

आकडा १०५ च्या पुढे गेला किंवा काटा लाल पट्ट्याकडे सरकला आणि आवाज आलाच नाही, तर पुठ्ठा लगेच काढून इंजिन आयडलला आणा. तरी उतरेना तर बंद करा. हट्टाने आणखी तापवत बसलात तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधलं सील) उडेल, आणि मग फॅन क्लचचा खर्च चिल्लर वाटेल.

पुठ्ठा पुन्हा लावून क्लच जोडला गेला की इंजिन बंद करायला सांगा आणि पंख्याकडे बघा. जोडलेला पंखा इंजिनाबरोबरच थांबतो. इंजिन थांबल्यावरही आरामात चारपाच फेरे घेत राहिला तर तो जोडलेला नव्हता. आता चावी खिशात घेऊन, हातमोजे घालून तिसरा झटका. दुसऱ्या वेळेपेक्षा स्पष्ट जड लागायला हवा. दुसरी आणि तिसरी वेळ सारखीच हलकी वाटली तर क्लच नापास, पण बदलण्याआधी नववी पायरी बघा.

या पायरीला तीन गोष्टी करू नका. गरम रेडिएटरची कॅप उघडू नका. दाबाखालचा कूलंट १०० अंशांच्या पुढेही उकळत नाही, कॅप सैल केली की क्षणात उकळून अंगावर येतो. फिरत्या पंख्यात गुंडाळलेला पेपर घालून तो अडतो का हे बघू नका. काही मेकॅनिक हा प्रयोग सहज करतात, आणि पेपरऐवजी बोटं गेलेली माणसंही याच धंद्यात आहेत. आणि गरम इंजिनावर पाणी ओतू नका.

काटेकोर आकडा हवा असेल तर लॅमिंग्टन रोडवर हातात धरायचा लेझर टॅकोमीटर मिळतो. एका पात्याला चमकणारी पट्टी चिकटवायची आणि गार असताना व तापल्यावर पंख्याचे फेरे मोजायचे. मला त्याची गरज पडली नाही, पण ज्यांच्या कानाला आवाजातला फरक कळत नाही त्यांनी जरूर वापरावा.

९. निकाल कसा वाचायचा

क्लच नापास झाला तरी एक शंका फेडून घ्या. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट टॉर्चने बघा. मेट्रोच्या कामांची धूळ, पिसं, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सुकलेला चिखल, सगळं तिथे साठतं. जाळी तुंबलेली असेल तर कॉइलपर्यंत गरम वारा पोचत नाही आणि चांगला क्लचही नापास होतो. आधी जाळी साफ करून घ्या, आतून बाहेरच्या दिशेने, हलक्या पाण्याने. गाडी धुण्याच्या प्रेशर गनने जाळीच्या पट्ट्या वाकतात. मग आठवी पायरी पुन्हा करा.

क्लच पास झाला आणि तरी गाडी तापते? मग बघायच्या गोष्टी माझ्या मते या क्रमाने: पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर जागेवर आहे का (रेडिएटरचं काम झाल्यावर पुष्कळदा ते परत बसवतच नाहीत, आणि मग पंखा आजूबाजूचाच वारा घुसळत राहतो), बेल्ट सैल आहे का, कूलंटऐवजी नुसतं नळाचं पाणी भरलेलं आहे का, रेडिएटरची कॅप दाब धरते का. शेवटी, गार इंजिनावर कॅप काढून स्टार्ट केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटचा विषय आहे, तो घरी सुटणार नाही.

१०. बदलायचा ठरला तर

कंपनीच्या पार्ट्सच्या दुकानात गाडीचा चेसिस नंबर सांगून मागा, आरसीची प्रत जवळ ठेवा. एकाच नावाच्या गाडीत इंजिनाप्रमाणे क्लच बदलतो. ऑपेरा हाउसच्या बाजूच्या स्पेअर पार्ट्सच्या गल्ल्यांतही मिळतो. तिथे जुना क्लच हातात घेऊन जा, बोल्टांची भोकं आणि खोली जुळवून बघा, बिल आणि वॉरंटी मागून घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने मिळतात, पण या पार्टच्या बाबतीत मी जुना माल घेणार नाही. आत ऑइल किती उरलंय हे बाहेरून कळायला मार्गच नाही.

नवा क्लच घरी आणून बसवेपर्यंत गाडीत बसतो तसा उभा ठेवा. आडवा पडून राहिला तर ऑइल गळू शकतं. दुकानात थप्पीत आडवे रचलेले असतील तर खोक्यात तेलाचा डाग आहे का ते उघडून बघा.

गॅरेजमध्ये दोन सूचना हमखास येतात. पहिली, 'साहेब, कपलिंग डायरेक्ट करून देतो.' म्हणजे बोल्ट मारून किंवा वेल्डिंग करून पंखा पुलीला कायमचा जोडायचा. रस्त्यात अडकलात आणि घरी पोचायचं आहे, तर ठीक. कायमचं केलंत तर वॉटर पंपाच्या बेअरिंगवर भार, इंजिन जोरात फिरवलं की पात्यांवर ताण, मायलेज कमी. दुसरी सूचना, 'थर्मोस्टॅटच काढून टाकतो, गाडी थंड राहील.' याला साफ नाही म्हणा. इंजिन योग्य तापमानाला येतच नाही आणि मूळ दोष तसाच राहतो.

सिलिकॉन ऑइल पुन्हा भरून देणारेही भेटतील. काही क्लच स्क्रू काढून उघडता येतात आणि ऑइल भरल्यावर चालतातही. पण सील गेल्यामुळे ऑइल गळलं असेल तर नवं ऑइलही त्याच वाटेने जाणार.

काम करणाऱ्याला एकच आठवण द्या: काही गाड्यांत क्लच मोठ्या नटाने पंपाच्या शाफ्टवर बसतो आणि त्याचे आटे उलटे असतात. मॅन्युअल न बघता जोर लावला तर शाफ्टच जातो. बसवून झाल्यावर पैसे देण्याआधी तिथेच सातवी पायरी करून घ्या, आठवी दुसऱ्या दिवशी घरी. जुना क्लच डिकीत टाकून आणा.

११. पावसाळ्यात

मिलन सबवे, अंधेरी सबवे, हिंदमाता अशा ठिकाणी बंपरपर्यंतच्या पाण्यातून गाडी काढावी लागली, तर पाण्याच्या दाबाने फिरती पाती पुढे वाकतात आणि रेडिएटरच्या जाळीला घासू शकतात. तापलेल्या इंजिनावर क्लच जोडलेला असताना हा धोका जास्त. शक्यतो दुसरा रस्ता घ्या. गेलातच तर घरी पोचल्यावर, इंजिन गार झाल्यावर, पाचवी पायरी पुन्हा करा: पाती, जाळीवरचे गोल ओरखडे आणि कॉइलमध्ये अडकलेला कचरा. ओरखडे दिसले तर त्याच ठिकाणी कूलंटचा ओलावा आहे का ते दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी बघा.